शीळच्या माळावरची सरळ रेघ

माझ्या नाकावर राग असतो, असं घरातले सगळे म्हणतात. मी नाकारत नाही. पण या रागाने एकदा नकाशावरून दहा-बारा मैलांचं गवत पुसून टाकलं होतं, हे घरात कुणाला ठाऊक नाही. माझं तोंड आणि रखमाबाईचा विळा, या दोघांनी मिळून ते काम केलं. गोष्ट रखमाबाईची आहे. मी मध्येमध्ये बोलणार, तेवढं चालवून घ्या.

साल एकोणीसशे चौपन्न. मी डोंबिवलीची मंदाकिनी बेहेरे, वय बावीस, नुकती वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेली. ठाण्याला तलावपाळीजवळ दोन खोल्यांत एक योजना चालायची. जिल्ह्याच्या कुठल्या माळावर कोणतं गवत, कुठे कोणती झुडपं, कुठे दाट रान, याची वर्गवारी लावून रंगीत नकाशा करायचा, हे तिचं काम. प्रमुख होते डॉक्टर सबनीस. बुटके, स्वच्छ धोतर, बोलणं मोजून-मापून. ते म्हणत, "हा नकाशा एकदा नीट झाला की पुढच्या वीस माणसांना वीस वर्षं पुरेल इतकं संशोधन त्यातून निघेल. गुरं कुठे चारावीत, कुठे नांगर घालू नये, कुठली जमीन कशाने खंगली, सगळं. पण नीट झाला तर."

मला त्या वीस माणसांतलं एक व्हायचं होतं. संशोधनावर एम.एस्सी. करायची, हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षीच ठरवलेलं. डॉक्टरांनी मला शब्द दिला होता: "नकाशाचा कल्याणकडचा तक्ता पुरा करा. तो शेजारच्या तक्त्याला जुळला की जानेवारीअखेर तुमचं नाव विद्यापीठाकडे पाठवतो. जुळला नाही तर विषय संपला." यापेक्षा जास्त मला आयुष्यात काही नकोच होतं, खरं सांगते. लग्नाचा विषय निघाला की मी आईला सांगायची, आधी तक्ता.

शेजारचा तक्ता उत्तम प्रधानकडे होता. हा ठाण्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याचं नाव आधीच नोंदलेलं. घोडबंदर रोडपासून मुंब्र्याच्या डोंगरापर्यंत आणि तिथून शीळपर्यंत तो बघणार. शीळपासून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत मी.

पद्धत सोपी होती. नकाशावर आधी खुणा करायच्या, जिथे खूण पडेल तिथे माळावर जाऊन चार खुंट्या ठोकायच्या. गवत फुलोऱ्यावर आलं की तीन फुटी लाकडी चौकट त्या खुंट्यांवर ठेवायची आणि आतले गवताचे ठोंब मोजायचे. कुसळी इतके, मारवेल इतके, शेडा इतके, पवन्या इतके. ज्याचं फूल-पान नाही, ओळखू येत नाही, तो ठोंब सोडून द्यायचा, असा नियम आमच्या हातपुस्तिकेत छापलेला. माझ्या वाट्याला असे एकशे बावीस चौकोन आले.

आणि मदतीला रखमाबाई आली. मलंगगडाच्या वाटेवरच्या एका आगरी गावची. वय चाळीस-बेचाळीस, गुडघ्याच्या वर काष्टा मारलेलं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि दंडावर गवताच्या भाऱ्याने पडलेले घट्टे. नवरा मारुती कल्याणच्या एका वखारीत गवत दाबून गठ्ठे बांधायच्या कामावर. ते गठ्ठे मुंबईच्या तबेल्यांत जायचे. ही स्वतः दहाव्या वर्षापासून गवत कापत होती.

पहिल्याच दिवशी मी तिला हातपुस्तिकेतले सतरा वर्ग समजावून सांगितले. गवताळ माळ, झुडपी माळ, कुसळीप्रधान, मारवेलप्रधान, असं सगळं. तिने मान हलवत ऐकलं आणि म्हणाली, "आमच्यात चारच हायेत, बाय."

"कोणते चार?"

"दुधाचा, छपराचा, झाडूचा, आनि काय कामाचा नाय तो."

मी हसले. तीही हसली, पण तिचं हसू वेगळ्या कारणाने होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

भाद्रपदात आम्ही खुंट्या ठोकल्या. होकायंत्र आणि साखळी माझ्या हातात, खुंट्या आणि दगड तिच्या हातात. एकदा बघितलेली खुंटी ती विसरत नसे. मी कागद उलटसुलट करत बसायची आणि ती पन्नास पावलांवरून हाक मारायची, "हतं हाय बाय, तुमच्या कागदाला इचारू नका."

मग ऑक्टोबर उजाडला आणि कुसळी पिकली. ज्यांनी हे गवत बघितलं नाही त्यांना सांगते: त्याच्या प्रत्येक दाण्याला एक टोकदार, पीळदार केस असतो. तो कापडात शिरतो, कापडातून कातडीत शिरतो, आणि ओढून काढला तर टोक आतच राहतं. उत्तम खाकी विजारीवर पट्ट्या गुंडाळून फिरायचा. रखमाबाईचं लुगडं गुडघ्यावर. मी मात्र पाचवारी नेसून, निऱ्या सावरत, शास्त्र करायला निघालेले.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या साडीचा रंग दिसेनासा झाला होता. पोटऱ्या सोलवटल्या होत्या. मी एका दगडावर बसले, एकेक कुसळ उपटत होते, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तोंडाचा पट्टा सुटलेला. त्या गवताला, त्या योजनेला, साडी शोधून काढणाऱ्या माणसाला, कुणाला म्हणून सोडलं नाही. रखमाबाई समोर उकिडवी बसून माझ्या पदरातली कुसळं काढत होती.

तिसऱ्या दिवसापासून मात्र माझं नशीब उघडलं. वाट मोकळी, चौकोन मोकळा. मारवेल आणि शेडा भरपूर, पवन्या अधूनमधून, कुसळी औषधालाही नाही. चौकटीत कुठे कुठे जमिनीलगत तुटलेले बुडखे दिसायचे. गुरं चरून गेली असतील, असं मी म्हणायची. ओळखू येत नाही तो ठोंब सोडा, नियमच आहे. पहिल्या दोन दिवसांच्या आठ चौकोनांत कुसळी होती, तेही, ती म्हणाली, "पुना मोजा बाय, घाईत व्हतांव आपन." पुन्हा मोजले तर तिथेही चरून गेलेलं. मी खाडाखोड करून नवे आकडे लिहिले. माझी वही कशी सुंदर, वेळेत, मोत्यांसारख्या अक्षरात पुरी झाली.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. शीळच्या पूर्वेला कुसळी का नाही, यावर मी दहा पानांचा निबंध लिहिला. जमिनीचा पोत, खाडीवरचा वारा, पावसाचं मान, सगळं त्यात घातलं. रात्रंदिवस मी त्या निबंधाच्या प्रेमात होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवले. कुसळीचा रंग पिवळा, मारवेल-शेड्याचा हिरवा. उत्तमचा पिवळा रंग शीळपर्यंत भरभरून आला होता आणि कागदाच्या कडेला येऊन थबकला होता. तिथून माझा हिरवा सुरू. मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ.

डॉक्टरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "गवताला आपल्या कागदाची कड कशी हो कळली?"

मी निबंध पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"मिस बेहेरे, माती हळूहळू बदलते. वारा तर हद्द मानतच नाही. तुमच्या दोघांपैकी एकाचा तक्ता चूक आहे. कोणाचा ते शोधा."

मी उत्तमकडे बोट दाखवून मोकळी झाले. म्हटलं, यांनी चौकोन माळावर मोजले की घरी बसून, ते विचारा. उत्तम शांत माणूस. तो फक्त म्हणाला, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं हो मंदाताई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, उद्याच्या उद्या शीळला चला, समोरासमोर बघू.

दुसऱ्या दिवशी उत्तम, मी आणि रखमाबाई शीळच्या माळावर उभे होतो. तोवर गवत कापून वखारीत गेलेलं, माळ बोडका झालेला. उत्तमचा शेवटचा चौकोन आणि माझा पहिला चौकोन यांत जेमतेम दोनशे पावलं. तो म्हणत होता, माझ्याकडे चौकटीत अकरा ठोंब आहेत, तुमच्याकडे शून्य असूच शकत नाही. मी म्हणत होते, माझ्या एकशे बावीस चौकोनांत कुसळीची एक काडी नव्हती, मी या डोळ्यांनी बघितलंय.

रखमाबाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. भांडण कशावरून हे तिला कळेना. शेवटी ती मध्ये पडली.

"कशी आसंल बाय? मीच त कापली सगली."

उत्तमने टोपी काढली. मी म्हटलं, "काय?"

"कुसली. तुमी येवाच्या आगोदर, फाटे उठून. तुमीच बोललाव ना, त्या दगडावर बसून. 'रखमाबाई, माझ्या वाटेत ही एक काडी दिसता कामा नये.' मंग मी रोज येऊन कापून ठेवलेली. वाटेची पन, चौकोनातली पन."

मला ते वाक्य आठवलं. अगदी जसंच्या तसं आठवलं. मी ते रागाच्या भरात आकाशाकडे बघून म्हटलं होतं, पण नाव तिचं घेऊन. तिने ते कामाचा हुकूम म्हणून घेतलं होतं. रोज पहाटे उठून तीन-तीन मैल पुढे जायची, विळ्याने नेमकी तेवढीच कुसळी जमिनीलगत छाटायची, भारा करून बाजूला टाकायची आणि माझ्यासमोर हसतमुखाने उभी राहायची. जादा मजुरी मागितली नाही की बोलून दाखवलं नाही. त्या भाऱ्यांनी तिने गोठ्याचं छप्पर शाकारलं, तेवढाच काय तो तिचा फायदा.

आणि मी काय केलं? तिच्यावर ओरडले. माळभर ऐकू जाईल असं ओरडले. माझं वर्ष गेलं, माझं एम.एस्सी. गेलं, माझं वाटोळं केलंत तुम्ही. मोजायचं गवत कुणी कापतं का? हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

 तिचाही आवाज चढला. "मोजाला पायजे त तसा सांगाचा व्हता. मना वाटला तुमी चांगला गवत मोजताव. कुसली कोन मोजतंय? वखारीत तिला कोन हात पन लावत नाय."

उत्तम खाली बसला होता. तो हलकेच म्हणाला, "मंदाताई, डॉक्टरांना गुरं चरून गेली असं सांगितलं तर चालेल. तुमची वही तसं म्हणतेच. मी काही बोलणार नाही."

खरं सांगते, मला मोह झाला. तक्त्याच्या कडेला एक टीप टाकायची: चराईमुळे नोंदी अपुऱ्या. कदाचित नाव पाठवलंही असतं. मी माझ्या पहिल्या चौकोनाच्या चार खुंट्यांकडे बघत उभी राहिले आणि बोडक्या जमिनीकडे बघून म्हटलं, "आता काय, सगळंच कापलं गेलं. इथे काय होतं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

"का नाय कलनार?" रखमाबाई अजून घुश्श्यातच होती. ती वाकली, चौकोनात उजव्या हाताचा पंजा फिरवला आणि बुडख्यांवर एकेक बोट ठेवत गेली. "ही कुसली. ही कुसली. यो मारवेल. ही कुसली. यो शेडा. ही लान कुसली, औंदाची. बूड बोलतंय ना."

"बूड कसं बोलतं?"

"कुसलीचा बूड चपटा. मारवेलाचा गोल. शेड्याचा हाताला खरखरीत लागतंय." तिने माझा हात धरून खाली टेकवला. मला सगळे बुडखे सारखेच टोचले.

हे तिला येत होतं ते तिच्या धंद्यामुळे. आमच्याकडे माळांचे लिलाव उन्हाळ्यात होतात, पावसाच्या आधी. मक्ता घेणारा माळ बघायला जातो तेव्हा माळावर असतं काय? नुसते बुडखे. त्यावरून पुढच्या दिवाळीला दुधाचं गवत किती उभं राहील आणि फुकटचं किती, हे ज्याला वाचता येतं तो तरतो. रखमाबाईचा बाप मक्तेदारांसाठी माळ वाचून द्यायचा. पोरगी त्याच्या मागून चालत शिकली. आमच्या हातपुस्तिकेत ज्याला 'सोडून द्या' म्हटलं होतं, तेवढंच तिच्या शाळेत शिकवलं होतं.

मी त्याच दुपारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. रखमाबाई म्हणाली, मी पन येनार. आम्ही तिघं ठाण्याला पोचलो तेव्हा डॉक्टर चहा घेत होते.

मी तोंड उघडायच्या आत रखमाबाई दारातूनच बोलली. "सायेब, गवत मी कापला. बायना ठाव नव्हता. काय बोलाचा त मना बोला."

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. योजनेचा नियम कडक होता: खुंटीच्या आत हात घालणाऱ्या मजुराला काढून टाकायचं, त्याला पुन्हा काम नाही. तो कागद भिंतीवरच लावलेला. डॉक्टरांनी त्याच्याकडे नजर टाकली, मग तिच्याकडे.

"तिने कापलं," मी म्हटलं, "पण सांगितलं मी. साडीला कुसळं लागली म्हणून मी चिडले आणि एक काडी दिसता कामा नये असं तिला म्हटलं. तिने माझा हुकूम पाळला. वर मी तिच्यावर ओरडले. काढायचं असेल तर मला काढा."

  सहा महिन्यांची माझी सगळी धडपड मी त्या चार-पाच वाक्यांत चुलीत घातली होती, आणि तरी मोकळं वाटत होतं.

"नाव पाठवायचा प्रश्न मिटला, हे तुम्हाला कळतंय?" डॉक्टर म्हणाले.

"कळतंय."

मग उत्तमने बुडख्यांची गोष्ट काढली. डॉक्टरांनी आधी हात झटकला. म्हणाले, अशा भाकडकथा प्रत्येक गावात असतात. पण उत्तमचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं. "माझ्या चौकोनांतलं गवतही आता कापून गेलंय, सर. आणि माझ्या ऑक्टोबरच्या नोंदी तुमच्या कपाटात आहेत. ही बाई घोडबंदरला कधी गेलेली नाही."

डॉक्टरांनी धोतराचा सोगा सावरला आणि कपाटाची किल्ली शोधायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोडबंदर रोडच्या कडेच्या माळावर आम्ही चौघं. उत्तमची वही डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात. दहा चौकोन त्यांनी स्वतः निवडले. मला आणि उत्तमला तोंडं फिरवून उभं राहायला सांगितलं, खुणाबिणा नकोत म्हणून. मी माझ्या मॅट्रिकच्या निकालाला घाबरले नव्हते इतकी त्या सकाळी घाबरले होते. पाठीमागून रखमाबाईचा आवाज यायचा, "कुसली चार, मारवेल सा, शेडा दोन," आणि डॉक्टरांचं नुसतं "हं".

पाच चौकोन झाले. सात झाले. डॉक्टरांचं "हं" लांबत चाललं होतं. आठव्याला ते थांबले.

"कुसळी किती म्हणालात?"

"सात."

"चार आहेत."

"सात हायेत, सायेब."

"बाई, वहीत चार लिहिलंय."

"वहीत आसंल. हतं सात हायेत."

डॉक्टर कधी आवाज चढवत नसत. त्यांनी खुरपं मागवलं. सातही बुडखे मुळासकट काढून कागदावर ओळीने मांडले, खिशातून भिंग काढलं, आणि तिथेच माळावर मांडी घालून बसले. धोतराला माती लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पंधरा मिनिटांनी त्यांनी उत्तमला हाक मारली.

"प्रधान, सात आहेत. तीन कुठे गेले होते?"

 उत्तमचे कान लाल झाले. "सर, इथे मी डबा खायला बसलो होतो. बहुतेक... त्यांच्यावरच बसलो होतो."

डॉक्टर सबनीसांना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना बघितलं. रखमाबाई तर पदर तोंडाला लावून गदगदत होती.

 परत येताना डॉक्टर एकदम बोलायला लागले आणि थांबेनातच. "तुमच्या लक्षात येतंय का हे काय आहे? आपण फुलोऱ्याची वाट बघतो, म्हणून वर्षात फक्त दोन महिने आपल्याला मोजता येतं. या जिल्ह्याला दहा वर्षं लागतील असा माझा हिशोब होता. बुडख्यांवरून मोजता आलं तर जूनपर्यंत काम करता येईल. कापलेला माळही वाचता येईल. मात्र ते बाईंच्या बोटांत आहे तोवर उपयोग नाही, ते कागदावर आलं पाहिजे. कुठलं बूड कसं, कितपत खात्रीने, कुठे फसतं. हा एका माणसाचा दोन वर्षांचा अभ्यास आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जानेवारीअखेर तक्ता जुळवून दाखवा, मग बोलू."

जानेवारीत आम्ही एकशे बावीस चौकोन पुन्हा मोजले. बारा दिवसांत. रखमाबाई बोट ठेवायची, मी लिहायची, आणि दर पाचव्या चौकोनात मी आधी ओळखायचं आणि तिने तपासायचं, असा नेम तिनेच लावला. पहिल्या दिवशी मी दहा बुडख्यांतले तीन बरोबर ओळखले. ती म्हणाली, "तुमचा हात अजून शिकलेला हाय." शिकलेला म्हणजे पुस्तकी, हे मी समजून घेतलं आणि चिडले नाही. शेवटच्या दिवशी नऊ आले. तिने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पेन्सिल उडाली.

अठ्ठावीस जानेवारीला दोन्ही तक्ते पुन्हा टेबलावर आले. पिवळा रंग शीळवरून सरळ माझ्या कागदावर उतरला, मलंगगडाच्या उतारापर्यंत पसरत गेला आणि तिथे हळूहळू हिरव्यात विरला. जोड कुठे आहे ते डॉक्टरांना बोट फिरवून शोधावं लागलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि माझा अर्ज पुढे ओढला. त्यावर विषय लिहिला: कापलेल्या गवताळ माळांची वर्गवारी. मी घरी गेले ती डोंबिवली स्टेशनपासून जवळजवळ पळतच.

प्रबंधाला दोन वर्षं लागली. छप्पन्नच्या अखेरीस मी टंकलेखनाला देण्याआधी पहिलं पान लिहिलं, कबुलीचं. डॉक्टरांची तशी अटच होती: पहिली मोजणी का फुकट गेली, ते झाकायचं नाही. मी इंग्रजीत लिहिलं की लेखिकेच्या अविचारी सूचनेमुळे चौकोनांतली कुसळी काढली गेली. सगळा दोष माझ्याकडे घेतला. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. त्याच आठवड्यात रखमाबाईच्या घरी गेले तेव्हा ओटीवर बसून तिला ते पान मराठीत वाचून दाखवलं.

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"पुना वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"कोनी काढली? यात लिवलाच नाय."

"मुद्दामच नाही लिहिलं," मी म्हटलं. "उगाच तुमच्या नावावर चूक नको. मी सांगितलं होतं ना, मग दोष माझा."

"सांगितला तुमी. बोलाला काय लागतंय?" तिने सूप बाजूला ठेवलं. तिला राग आला होता, आणि माझ्या रागासारखा तो फसफसून जाणारा नव्हता. "एकशे बावीस चौकोन, बाय. फाटे उठून. नेमकी कुसलीच कापली, शेजारच्या मारवेलाची पाती दुखावली नाय. तुमी शिकल्याल्या, तरी तुमना कलला नाय, इतकी साफ कापली. यो काम कोनी केला त्याचा नाव नको? मंग मोजली, ती पन कोनी मोजली? ती पन आपोआप मोजली जेली?"

 दोन वर्षं मी तिला वाचवत होते आणि तिला त्याची काडीइतकी गरज नव्हती. वाचवता वाचवता मी तिला पुसून टाकलं होतं, जशी कुसळी पुसली तशी.

मी तिच्या ओटीवरच ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं. तिने ते माझ्याकडून मराठीत तीनदा वाचून घेतलं. 'काढली' नको, 'कापली' लिहा, एवढी एक दुरुस्ती सांगितली, ती मी केली. मग तिने सूप उचललं आणि मला जेवायला थांबवलं. प्रबंध मंजूर झाला तेव्हा परीक्षकांपैकी एकांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून विचारलं होतं, या बाईंचा पत्ता मिळेल का? ते वाक्य मराठीत असं आहे: "या एकशे बावीस चौकोनांतली कुसळी रखमाबाई मारुती भोईर यांनी माझ्या सांगण्यावरून कापली, आणि ती पुन्हा मोजली तीही त्यांनीच, मला तेव्हा मोजता येत नव्हतं."